रंग उतरल्यानंतर : मराठी नटाच्या मनःस्वास्थ्याचा एक मागोवा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'आपल्या रंगभूमीच्या इतिहासावर चार पाने लिहा' अशी सूचना केली तेव्हा प्रथम मनात आले ते हेच की, हा इतिहास आपल्यासारख्या मंडळांच्या स्मरणिकांतून वाचकांनी अनेकदा वाचलेला आहे. सांगलीपासून तो सुरू होतो, किर्लोस्करांपाशी थोडा विसावतो, बालगंधर्वांपाशी सद्गदित होतो आणि अखेरीस परप्रांतात मराठी नाटक जिवंत ठेवणाऱ्या कार्यकर्त्यांचे आभार मानून संपतो. त्यात खोटे काहीच नाही. परंतु हा सारा इतिहास पडद्याच्या पुढे घडलेला आहे. पडदा पडल्यावर, तोंडाला खोबरेल तेल लावून रंग पुसत बसलेल्या माणसाच्या मनाचे काय झाले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारला. प्रस्तुत लेखात तो विचारण्याचा प्रयत्न आहे. मी मानसशास्त्राचा अभ्यासक नव्हे, नाट्यसमीक्षकही नव्हे. इतिहास घेऊन बी. ए. झालेला, केंद्र सरकारच्या नोकरीत फाइलींच्या संगतीत उभी हयात काढलेला आणि बदलीच्या प्रत्येक गावी मराठी मंडळाच्या नाटकात शिपाई, हवालदार किंवा नायिकेचा मामा म्हणून रंगमंचावर पाऊल टाकलेला एक सामान्य रसिक आहे. तेवढ्या अधिकाराने हे लिहीत आहे.

प्रश्न मात्र नवा नाही. नट जे दुःख दाखवितो ते त्याला होते काय? आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रावर 'अभिनवभारती' ही टीका लिहिणाऱ्या काश्मिरी पंडित अभिनवगुप्ताने सुमारे हजार वर्षांपूर्वी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. रस नटाच्या ठिकाणी नसतो, तो प्रेक्षकाला मिळतो. नट हे त्या आस्वादाचे केवळ साधन, आणि म्हणूनच त्याला 'पात्र' म्हणतात, अशी त्याची उपपत्ती आहे. मद्याची चव भांड्याला कळत नाही, पिणाऱ्याला कळते, असा दृष्टांत त्याने दिला. युरोपात अठराव्या शतकात फ्रेंच विचारवंत दिदरो याने जवळजवळ हेच निराळ्या वाटेने मांडले. त्याचा तो निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १८३० साली प्रसिद्ध झाला. श्रेष्ठ नट आतून थंड असतो, असे त्याचे म्हणणे. पुढे रशियाच्या स्तानिस्लाव्हस्कीने नटाने स्वतःच्या भावनांच्या कोठारातूनच सामग्री आणली पाहिजे असा आग्रह धरला, आणि के. नारायण काळे यांच्या 'अभिनय-साधना' या अनुवादामुळे तो विचार मराठी नटांपर्यंतही पोहोचला. पंडितांचा हा वाद पंडितांनीच मिटवावा. मला मात्र अभिनवगुप्ताचा दृष्टांत वाचून नेहमी एक शंका येते. भांड्याला चव कळत नसेल. पण रोज तेच मद्य त्यात ओतले तर भांड्याला कल्हई लावावी लागते की नाही? आणि दृष्टांतही नेमका मद्याचाच निघावा, हा योगायोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात पुढे फार कडू ठरला.

त्या कल्हईची सोय जुन्या नाटक कंपनीने, न जाणता, काही अंशी केली होती असे माझे मत आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा पडदा वर गेला, त्यानंतरच्या अर्धशतकात नाटक कंपनी ही केवळ धंद्याची संस्था नव्हती, ते एक फिरते एकत्र कुटुंब होते. एका बिऱ्हाडात चाळीस-पन्नास माणसे राहत. आचारी कंपनीचा, पंगत कंपनीची, तालीममास्तराची शिवी आणि मालकाची शाबासकी दोन्ही सर्वांच्या देखत. पहाटे केव्हातरी प्रयोग संपला की सफेदा, पिवडी आणि हिंगूळ पुसून सारे नट एका ओळीत जेवावयास बसत. नुकताच मेलेला राजा शेजारच्या खुनी सरदाराला भाकरी वाढण्याचा आग्रह करी. नांदी, रंगदेवतेची पूजा, नारळ, आणि शेवटी भरतवाक्य. नाटकात शिरण्याचा व त्यातून बाहेर पडण्याचा रस्ता विधींनी आखलेला होता. आजकाल मानसोपचारतज्ज्ञ नटाला 'भूमिकेतून बाहेर येण्यासाठी काहीतरी ठरावीक कृती करा' असा सल्ला देतात. आपल्या पूर्वसूरींनी ती कृती धर्म म्हणून पाळली.

परंतु एकत्र कुटुंबाचे सारे गुण-दोष कंपनीत होते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आठ-दहा वर्षांची मुले घर सोडून कंपनीत येत. केशवराव भोसले असेच बालपणी 'स्वदेशहितचिंतक' मंडळीत आले, लहान वयातच 'शारदा' म्हणून गाजले, सतराव्या वर्षी, १९०८ साली, त्यांनी हुबळीस 'ललितकलादर्श'ची स्थापना केली आणि ४ ऑक्टोबर १९२१ रोजी अवघ्या एकतिसाव्या वर्षी विषमज्वराने त्यांचे देहावसान झाले. हे आयुष्य वाचताना त्यात बालपण नावाचे पान सापडत नाही. आवाज फुटण्याचे वय हे या मुलांचे पहिले मरण. कालपर्यंत ज्याच्या गळ्यावर कंपनीची तिकिटे खपत होती तो मुलगा एका पावसाळ्यात निरुपयोगी होई आणि पडदे ओढू लागे. त्या मुलांच्या मनाचा वृत्तांत कोणी लिहून ठेवलेला नाही. गणपतराव बोडसांच्या 'माझी भूमिका'त आणि चिंतामणराव कोल्हटकरांच्या 'बहुरूपी'त त्या जगाचे भरघोस चित्र आहे; तथापि आत्मचरित्र लिहितो तो टिकलेला नट, हे वाचताना विसरता कामा नये.

स्त्रीपार्टी नटाची अडचण तर आणखी निराळी. भाऊराव कोल्हटकरांनी शकुंतला केली, सुभद्रा केली आणि पुढे 'वीरतनया'त शूरसेन म्हणून ते पुरुषवेषात उभे राहिले. वयाबरोबर भूमिका बदलण्याचा हा शहाणपणा सर्वांना साधला नाही. कारण प्रेक्षकांनाही तो नको असतो.

मनाच्या विकारांना मराठी रंगभूमीने प्रथम आदराने जागा दिली ती एका तुरुंगात तयार झालेल्या नाटकामुळे, ही गोष्ट मला फार सूचक वाटते. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात असताना आगरकरांनी 'हॅम्लेट'च्या भाषांतराचे काम हाती घेतले आणि पुढच्या वर्षी ते 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध झाले. नावच पाहा : राजपुत्राचे नाही, सूडाचे नाही, विकारांचे. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी हा राजपुत्र महाराष्ट्रभर नेला. इंग्रजीचा गंध नसलेल्या प्रेक्षकांनी एका उदास, झोप उडालेल्या, स्वतःशी बोलणाऱ्या तरुणाकडे बघून डोळे पुसले. रंगमंचावरच्या उदासीला टाळ्या देणारा हाच समाज घरातल्या उदास माणसाला मात्र 'भूतबाधा' किंवा 'आळस' यांपैकी एक निदान करून मोकळा होत असे. नटाला तर तीही सवलत नव्हती.

आता १२ मार्च १९११ या दिवसाकडे वळतो. त्या दिवशी मुंबईच्या रिपन थिएटरात किर्लोस्कर मंडळीतर्फे काकासाहेब खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. भामिनीची भूमिका नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, करणार होते. त्याच दिवशी त्यांच्या लहान मुलीचे निधन झाले. प्रयोग रद्द करावा असा विचार पुढे आला असता त्यांनी तो होऊ दिला नाही. ते रंगले, उभे राहिले, गायले, आणि तो प्रयोग मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात अमर झाला. त्या वेळी त्यांचे वय बावीस वर्षांचे होते.

ही कथा ऐकली नाही असा मराठी रसिक विरळा. रसिकांप्रति निष्ठेचा परमोच्च आदर्श म्हणून ती सांगितली जाते. शाळेत असताना माझ्या वडिलांनी ती मला प्रथम सांगितली तेव्हा त्यांचाही कंठ दाटून आला होता. बालगंधर्वांविषयी अनादराचा एक शब्दही माझ्या लेखणीतून उतरणार नाही. त्यांनी जो निर्णय घेतला तो त्यांचा होता, आणि बावीस वर्षांच्या बापाला त्या रात्री घरी बसणे अधिक असह्य झाले असते की काय, हे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. कामात बुडून जाणे हेही शोकाचे एक औषध असते. माझे भांडण कथेशी नाही, कथा सांगणाऱ्यांशी आहे. एका माणसाने स्वेच्छेने उचललेले ओझे आपण पुढच्या शंभर वर्षांतील प्रत्येक नटाच्या डोक्यावर नियम म्हणून ठेवले. 'प्रयोग झालाच पाहिजे' हे वाक्य नटाने स्वतःशी म्हणणे निराळे आणि व्यवस्थापकाने नटाला ऐकविणे निराळे.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण ते ऐकविण्याचे पाप माझ्या हातून घडलेले आहे. १९९८ सालची गोष्ट. मध्य भारतातील एका शहरात माझी बदली झालेली होती आणि तेथील मराठी मंडळाचा मी सांस्कृतिक चिटणीस होतो. गणेशोत्सवात आचार्य अत्रे यांचे 'मोरूची मावशी' बसविले होते. मावशीचे काम करणारे सद्गृहस्थ माझ्याहून दहा-बारा वर्षांनी वडील, दुसऱ्या एका खात्यात लेखापाल. प्रयोगाच्या दिवशी दुपारी चार वाजता त्यांच्या शेजाऱ्यांकडे गावाहून फोन आला की, वडील गेले. ते सभागृहावर आले ते हे सांगावयासच. सात वाजता पडदा वर जायचा होता, प्रमुख पाहुणे निघालेले होते, आणि दुसरा माणूस तयार नव्हता. मी त्यांना म्हणालो की, तुमची गाडी रात्री साडेअकराची आहे, नाटक पावणेअकराला संपते. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे. मी त्यांना बालगंधर्वांची गोष्ट सांगितली.

ते काही बोलले नाहीत. लुगडे नेसले, उभे राहिले. त्या रात्री सभागृह जितके हसले तितके मी त्या शहरात पुन्हा कधी हसलेले ऐकले नाही. रंग पुरता न पुसताच ते स्थानकावर गेले. सकाळी गावी पोहोचले तेव्हा त्यांच्या कानामागे पावडर तशीच होती आणि स्मशानातून मंडळी परतली होती. परत आल्यावर त्यांनी मला काही दोष दिला नाही. पुढची चार वर्षे मंडळाचे हिशेब नेहमीप्रमाणे चोख ठेवले. मात्र नाटकात काम केले नाही. मी निरोप घेऊन निघालो त्या दिवशी त्यांनी एवढेच सांगितले की, हशा ऐकला की आपल्याला अजून घाम सुटतो. ज्याला पोटासाठी नाटक करावे लागत नाही तो हौशी नट रंगमंच सोडू शकतो. व्यावसायिक नटाला घाम पुसून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहावे लागते, आणि तेथूनच पुढची कथा सुरू होते.

ही कथा बरीचशी पेल्याची आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि त्यानंतर महिन्याभरातच बडोद्यास गंधर्व नाटक मंडळीने त्यांच्या 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. बोडस सुधाकर झाले, बालगंधर्व सिंधू झाले. गडकऱ्यांचा सुधाकर हौसेने पीत नाही. न्यायालयात झालेल्या मानभंगाने त्याची झोप उडते आणि झोप यावी म्हणून पहिला पेला पुढे येतो. मनोविकारतज्ज्ञाने कागदावर उतरवून घ्यावी इतकी ही पायरी अचूक आहे. आता नटाची रात्र डोळ्यांपुढे आणा. पहाटेपर्यंत अंगातले सारे चैतन्य ओतून, हजार माणसांच्या टाळ्या घेऊन तो एकदम निःशब्द खोलीत येतो. शरीर थकलेले, पण डोके लखलखीत जागे. झोप येत नाही. उद्या दुसरे गाव आहे. अशा वेळी बाटलीइतके स्वस्त आणि तत्काळ झोपेचे औषध त्या काळी दुसरे कोणते होते? नटांच्या व्यसनाला आपण चारित्र्याचा प्रश्न मानले. तो बऱ्याच अंशी झोपेचा प्रश्न होता. 'एकच प्याला'च्या प्रयोगानंतरही कोठल्या कोठल्या रंगपटात पेले भरले गेले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

बोलपट आला आणि ते फिरते एकत्र कुटुंब मोडले. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' झळकला. पुढच्या पाच-सात वर्षांत बहुतेक मोठ्या कंपन्या कर्जात बुडाल्या किंवा नावापुरत्या उरल्या. कंपनीवर कर्जाचा डोंगर झाला असता तो एकट्याने अंगावर घेऊन फेडणारे बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले. परंतु कॅमेऱ्याची संगत त्यांना मानवली नाही. ते पुन्हा रंगमंचावर आले, पुन्हा लुगडे नेसले आणि देह साथ देईनासा झाला तरी ज्या रूपावर लोकांनी जीव लावला ते रूप सोडू शकले नाहीत. अखेरच्या काळात त्यांचे पाय गेले होते. १५ जुलै १९६७ रोजी ते निवर्तले. त्यांच्या उतारवयाविषयी लिहिताना चरित्रकार 'हट्ट', 'भोळेपणा' असे शब्द वापरतात. मला वाटते, सतराव्या वर्षापासून ज्याला साऱ्या महाराष्ट्राने दुसऱ्याच कोणाच्या तरी रूपात पाहिले, त्याला स्वतःच्या रूपात राहावयास शिकविणारे कोणी भेटले नाही, इतकाच त्याचा अर्थ. दीनानाथ मंगेशकरांची कहाणी अधिक आखूड. 'बलवंत'चे वैभव ओसरले, कर्ज झाले, प्रकृती ढासळली आणि २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी ते गेले. थोरल्या मुलीला तेरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. ती मुलगी कोण, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

स्त्रिया रंगमंचावर आणि पडद्यावर आल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला नटाचे सारे ताण आले, आणि त्यांवर समाजाची निंदा अधिक. कमलाबाई गोखले तरुणपणीच विधवा झाल्या आणि मुले वाढविण्यासाठी रंगमंचावर उभ्या राहिल्या. दुर्गाबाई खोटे घरंदाज कुळातल्या. पहिल्या चित्रपटातील कामावरून जी टीका झाली तिची जखम त्यांच्या आत्मकथेत अनेक वर्षांनंतरही ओली दिसते. परंतु या विषयावरचा मराठीतील सर्वांत निर्भय दस्तऐवज म्हणजे हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका', १९७० साली प्रसिद्ध झालेले. लहानपणीच घराचा पोशिंदा झालेली मुलगी, कमावत्या बायकोवर पहारा ठेवणारे घर, दारू, पश्चात्ताप, पुन्हा दारू. यांपैकी काहीही त्यांनी झाकले नाही आणि स्वतःची बाजूही सावरून घेतली नाही. पुस्तक आल्यानंतर थोड्याच काळात त्या गेल्या. १९७७ साली श्याम बेनेगलांनी त्यावरून 'भूमिका' काढला व स्मिता पाटील यांनी ती भूमिका केली. पुष्कळांनी ते पुस्तक चवीने वाचले. ते एका आजारी, दमलेल्या बाईने मागितलेल्या मदतीचे पत्र आहे, असे फार थोड्यांना वाटले असावे.

स्वातंत्र्यानंतर नाटकाला पुन्हा बरकत आली ती 'नाइट'च्या पद्धतीने. कंपनी नाही, पंगत नाही. नट प्रयोगागणिक पैसे घेणारा, तीन-तीन नाटकांत कामे करणारा, बसमध्ये झोपणारा. त्याला स्वातंत्र्य मिळाले, प्रतिष्ठा मिळाली, पण भाकरीचा आग्रह करणारा शेजारी गेला. 'तो मी नव्हेच'चा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला, याचा आपल्यासारख्या बृहन्महाराष्ट्रीयांना सार्थ अभिमान आहे. प्रभाकर पणशीकरांनी लखोबा लोखंडे पुढे हजारो वेळा केला आणि आपल्या आत्मकथनाला 'तोच मी' असे नाव दिले. त्या नावात एक मिस्कील शहाणपण आहे : इतक्या वेळा 'मी नव्हे' म्हटल्यावर आपण कोण हे एकदा लिहून ठेवावे लागतेच.

डॉ. काशिनाथ घाणेकरांना ते साधले नाही. व्यवसायाने दंतवैद्य. 'रायगडाला जेव्हा जाग येते'चा संभाजी आणि 'अश्रूंची झाली फुले'चा लाल्या या भूमिकांनी त्यांना मराठी रंगभूमीवर पूर्वी कोणाला न मिळालेल्या शिट्या आणि टाळ्या मिळवून दिल्या. तोच प्रेक्षक पुढे प्रयोगाला उशीर झाला, तोल गेला, की ओरडूही लागला. २ मार्च १९८६ रोजी दौऱ्यावर असताना अमरावतीस त्यांचा अंत झाला. त्यांच्या पत्नी कांचनताईंनी 'नाथ हा माझा'मध्ये हे सारे ज्या प्रेमाने आणि सत्यनिष्ठेने लिहिले आहे, त्याला मराठीत तोड नाही. याच पिढीतील दुसरे डॉक्टर म्हणजे श्रीराम लागू. कान-नाक-घशाची शस्त्रक्रिया सोडून ते पूर्णवेळ नट झाले आणि डिसेंबर १९७० मध्ये 'नटसम्राट'चे अप्पासाहेब बेलवलकर म्हणून उभे राहिले. घर हरवलेला म्हातारा नट रात्रीमागून रात्र आतून उभा करणे ही साधी गोष्ट नव्हे. परंतु लागूंनी आपल्या आत्मकथेला नाव दिले 'लमाण', म्हणजे इकडचा माल तिकडे वाहून नेणारा. अभिनवगुप्ताचे पात्र येथे बैलावर लादून आले आहे! माल आपला नव्हे, हे ज्याला उमगले तो अखेरीस ओझे उतरवू शकतो. लागू ब्याण्णव वर्षांचे होऊन २०१९ च्या डिसेंबरात गेले. दोघेही वैद्य, दोघेही असामान्य नट. एकाला वाचविणारे आणि दुसऱ्याला न वाचविणारे नेमके काय होते, हे दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचकांनीच पाहावे. स्वभाव, नशीब आणि विचारांची बैठक यांची वाटणी करण्याचे धाडस मी करीत नाही.

हिंदी पडद्यावर दिलीपकुमार यांनी त्याच सुमारास जे केले ते आपल्याकडे अधिक सांगितले गेले पाहिजे. एकामागून एक शोकांतिका करून मनावर मळभ आले, तेव्हा त्यांनी ते लपविले नाही. विलायतेत मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेतला, आणि तज्ज्ञाने हलक्याफुलक्या भूमिका करा असे सांगितल्यावर १९५५ चा 'आझाद' आणि पुढे १९६० चा 'कोहिनूर' केला. हे त्यांनी स्वतःच सांगितलेले आहे. औषध म्हणून विनोदी भूमिका घेणे हे पथ्य झाले; पथ्य पाळूनही ते श्रेष्ठ नटच राहिले आणि २०२१ साली अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेले.

मराठीत मन आणि रंगभूमी यांचा उघड संवाद सुरू झाला तो दोन वैद्यांमुळे. डॉ. मोहन आगाशे हे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक होते. १९७२ पासून 'घाशीराम कोतवाल'चे नाना फडणवीस. दिवसा रुग्ण, रात्री नाना. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या स्मृतिभ्रंशावरील 'अस्तु'मध्ये आणि नैराश्यावरील 'कासव'मध्ये त्यांनी कामे केली. 'कासव'ला २०१६ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुसरे डॉ. आनंद नाडकर्णी, स्वतः नाटककार. १९९० साली त्यांनी ठाण्यास मानसिक आरोग्यासाठी संस्था उभी केली. मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे, हे मराठी मध्यमवर्गाला पटविण्यात या दोघांचा वाटा फार मोठा आहे.

सरकारी नोकराने कायद्याचा उल्लेख न करणे म्हणजे पुरणपोळीवर तूप न वाढणे. तेव्हा थोडक्यात : १९१२ चा वेड्यांविषयीचा कायदा जाऊन १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, आणि तोही जाऊन २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. मनाच्या आजारालाही शरीराच्या आजाराप्रमाणेच विम्याचे संरक्षण द्यावे, असे त्यात स्पष्ट आहे. ज्याच्याजवळ विमाच नाही, ज्याला महिन्याचे वेतन नाही, त्या नटाला याचा उपयोग किती, हा प्रश्न उरतोच. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली. मध्यंतरी निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा बंद झाली आणि महाराष्ट्रात २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. या काळात 'नाइट'वर जगणाऱ्या नटांना आणि रंगमंच कामगारांना शिधावाटप करण्याची पाळी आली. त्यांना पैशाइतकीच उणीव टाळ्यांची आणि माणसांची होती, असे अनेकांनी बोलून दाखविले. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही, अनेक भारतीय भाषांत, मनाचे बोलता येते. प्रयोग संपवून झोप न येणाऱ्या नटाला ती वेळ सोयीची आहे.

चाळीस माणसांची कंपनी आता परत येणार नाही, आणि यावी असेही मला वाटत नाही. परंतु तिच्यातील दोन-तीन गोष्टी आपल्यासारख्या मंडळांना बिनखर्चात पाळता येण्याजोग्या आहेत. गेल्या तीन वर्षांपासून आपल्या नाटकाच्या रात्री सर्व कलावंत रंग उतरवून एकत्र जेवतात; तोपर्यंत कोणी घरी जात नाही. या वर्षी, सुवर्णमहोत्सवी नाटकासाठी, कार्यकारिणीने माझ्या आग्रहावरून आणखी एक ठराव केला आहे : प्रत्येक प्रमुख भूमिकेसाठी दुसरा माणूस पहिल्या दिवसापासून तालमीला बसेल. घरी काही अघटित घडले तर ज्याचे काम आहे त्याने निःसंकोच निघून जावे, चिटणिसाची परवानगी मागू नये. काही ज्येष्ठ सभासदांनी यावर मला बालगंधर्वांची आठवण करून दिली. मी त्यांना १९९८ सालची गोष्ट सांगितली, ती आज प्रथमच छापली जात आहे.

नायकाच्या मामाचे काम माझ्याकडे आहे. माझ्या जागी बसणारा दुसरा मामा अद्याप मिळालेला नाही. इच्छुकांनी तालमीच्या वेळी, सायंकाळी सात वाजता, सभागृहात भेटावे.